दहिवरावरची वासरं

सिताबाईच्या वासरांइतकी लवकर उठणारी वासरं तामलवाडीच्या आसपास दुसरी नव्हती. कोंबडा अजून गळा साफ करतोय, तोवर सिताबाई दावणीपाशी हजर. दावी सोडायची, "चला गं बायांनो," म्हणायचं आणि तलावाच्या काठानं वासरं हाकायची. गवताच्या पात्यापात्यावर दहिवर साचलेलं असायचं. तिच्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओला व्हायचा, पण त्याचं तिला काही वाटायचं नाही. दवाचं गवत वासराला दुधासारखं अंगी लागतं, हे तिला तिच्या नवऱ्यानं, बिरदेवानं सांगितलं होतं; बिरदेवाला त्याच्या बापानं. ऊन वर आल्यावर जांभया देत गोठा उघडणाऱ्या बाया तिच्या लेखी गुरं पाळणाऱ्या नव्हत्याच. "त्या कशाच्या गुरं पाळत्यात? गुरंच त्यांला पाळत्यात," असं म्हणून ती स्वतःच हसायची.

बाई कष्टाची होती, यात वाद नाही. तोंडाचीही होती, यातही वाद नाही. बिरदेव जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्यामागं तिनं तलावाकाठची वस्ती सांभाळली, तीन गाई सांभाळल्या, एकुलत्या एका पोराला, बालाजीला, बारावीपर्यंत शिकवून सोलापूरच्या कारखान्यात लावलं आणि त्याचं लग्न केलं. सून येरमाळ्याची. नाव करिश्मा. आईबाप मागेच गेलेले, भावानं हायवेच्या कडेच्या पंक्चरच्या दुकानावर तिला वाढवलेलं. पोर कामाला चलाख, बोलायला कमी. सिताबाईला पहिले दोन महिने ती आवडली. तेवढेच दोन महिने.

मग वासरं मरायला लागली.

पावसाळा सरताना एकेक वासरू खंगत जायचं. पोट सुटायचं, पाय काटकुळे व्हायचे, अंगावरचे केस राठ होऊन उभे राहायचे. शेण पाण्यासारखं पातळ. वासरू भिंतीची माती चाटत बसायचं आणि शेवटी गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची. ती पिशवी दिसली की आठ दिवसांत वासरू गेलंच. सिताबाईनं जे माहीत होतं ते सगळं केलं. मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. बिब्याचे डाग दिले. पोटावर चार, गळ्याखाली एक. वासरू ओरडायचं तेव्हा तिचेही डोळे भरायचे, पण हात मागं यायचा नाही. पहिल्या वर्षी दोन गेली, दुसऱ्या वर्षी तीन.

पाच वासरं म्हणजे काही थोडकी गोष्ट नाही. घरात दुःख झालं की माणूस कारण शोधतं, आणि कारण सापडलं नाही तर माणूस शोधतं. सिताबाईला ते शोधायला लांब जावं लागलं नाही, ते चुलीपुढं भाकरी थापत बसलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला काय लागतं? जीभ हलवली की झालं.

"पांढऱ्या पायाची हाय," ती प्रथम शेजारणीला म्हणाली. मग बालाजीला म्हणाली. मग करिश्माच्या तोंडावर म्हणाली, आणि एकदा म्हटल्यावर रोज म्हणू लागली. करिश्मानं गोठ्यात यायचं नाही. वासरू पाजताना समोर उभं राहायचं नाही. दावणीच्या रेषेवरून चालायचं नाही, वळसा घालून पाण्याला जायचं. पोरीनं सगळं ऐकलं. कधी उलट बोलली नाही, आणि तिच्या या गप्प बसण्याचाही सिताबाईनं कबुलीजबाबच केला. बालाजी सकाळी मोटरसायकलवर सोलापूरला जायचा, दिवस मावळताना यायचा, पुढ्यातलं जेवायचा आणि ताटातच बघत बसायचा. आईला आवर म्हणायची त्याची छाती नव्हती. चांगला पोरगा होता, पण नुसता चांगला असून काय उपयोग?

गेल्या वर्षी पंचमीला करिश्मा माहेरी गेली. तिच्या मागोमाग सिताबाईनं येरमाळ्याला फोन लावला. भावानं उचलला तेव्हा दुकानात हात ग्रीसनं भरलेले म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता, आणि पलीकडं त्याची बायको उभी होती, दोन गिऱ्हाइकं उभी होती. सिताबाईला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ती हळू बोलली नसती. "तुमच्या पोरीच्या पायानं माझा गोठा रिकामा झाला," ती म्हणाली. "आता आणून सोडू नगा. आमची आमी बघू."

झालं. वर्ष उलटलं. गाई पुन्हा व्याल्या. गोठ्यात तीन वासरं उड्या मारायला लागली. त्यात मैनी नावाची तांबडी कालवड सिताबाईची लाडकी, तिच्या मागं मागं ओट्यापर्यंत येणारी. सिताबाई शेजारणीला म्हणाली, "बघ, घराची पिडा गेली." पाऊस चांगला झाला, तलावाकाठी गवत मांडीएवढं वाढलं, आणि सिताबाई रोज पहाटे वासरं दहिवरावर नेत राहिली.

भादवा लागला आणि मैनीचं पोट सुटलं.

सिताबाईनं आधी मानलंच नाही. खातीय, म्हणून पोट दिसतंय, असं ती म्हणाली. मग केस उभे राहिले. मग शेण पातळ झालं. सिताबाई गोठ्याच्या दारात बसली. पाय तर येरमाळ्याला होते! मग वासरू का खंगतंय? ओट्याखाली करिश्माची एक जुनी चप्पल राहिली होती, ती तिनं काठीनं उचलून लांब ओढ्यात नेऊन टाकली. गोठाभर गोमूत्र शिंपडलं. माणूस किती हट्टी असतं बघा. मैनी मात्र दिवसेंदिवस उतरतच गेली, आणि एका सकाळी सिताबाईनं तिच्या गळ्याखाली हात घातला तर बोटांना थुलथुलीत लागलं.

त्याच आठवड्यात जनावरांना लस टोचायला वस्तीवर नवी डॉक्टरीण आली. डॉक्टर हर्षाली. वयानं करिश्माएवढीच असेल, पायात गमबूट. गाईंना सुया टोचून झाल्यावर तिचं लक्ष कोपऱ्यातल्या मैनीकडं गेलं. ती जवळ जाऊन बसली, मैनीच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. आत लाल दिसायला हवं तिथं पांढरंफटक होतं.

"आजी, हिला जंताचं औषध कधी दिलंय?"

"जंत कशाला व्हतील? पोट बघा की तिचं, भरपूर खाती."

"हे खाल्लेलं पोट नाही, आजी. छाती बघा, फासळ्या मोजता येतायत." डॉक्टरीण उठली. "थोडं शेण पिशवीत बांधून द्या. नाहीतर उद्या तुम्हीच घेऊन या दवाखान्यात, दाखवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सिताबाई पिशवी घेऊन दवाखान्यात गेली. शेण घेऊन डॉक्टरकडं जायची वेळ आली म्हणून वाटेत भेटलेल्या दोघी बायांनी तिची चेष्टा केली, तिनंही त्यांना दोन ऐकवली. डॉक्टरिणीनं शेण मिठाच्या पाण्यात कालवलं, गाळलं, काचेवर थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "बघा. एक डोळा मिटा."

सिताबाईला आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात गव्हाच्या कोवळ्या दाण्यासारखं काहीतरी लांबट दिसलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग ती मोजायला लागली आणि विसाच्या पुढं तिनं मोजणं सोडलं.

"ही अंडी," डॉक्टरीण म्हणाली. "जंत पोटात बसून रक्त पितात. अंडी शेणातून गवतात पडतात. त्यातून बारीक अळ्या निघतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. ओल असली की त्या गवताच्या शेंड्यावर चढतात, ऊन तापलं की खाली मुळाशी उतरतात. तुम्ही वासरं कधी सोडता?"

"पहाटं," सिताबाई म्हणाली. "दहिवर असताना."

डॉक्टरिणीनं तिच्याकडं वळून पाहिलं. "आणि कुठं?"

"तलावाच्या काठाला."

"रोज तिथंच?"

"रोज. आट वरसं झाली, आमी तिथंच हाव."

"त्याआधी?"

त्याआधी! त्याआधी सिताबाईचं आयुष्य चालण्यात गेलं होतं. बिरदेवाचा मेंढरांचा कळप, संगं चार गाई, घोड्यावर संसार. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या. दसरा झाला की खाली उतरायचं, पाऊस लागला की वर यायचं. एका रानात आठ दिवसांच्या वर मुक्काम कधी पडलाच नाही. बिरदेवाचे गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली, तलावाकाठी दोन एकर घेतलं आणि घोड्यावरचं पाल कायमचं खाली उतरवलं.

तिनं हे सांगितलं तसं डॉक्टरिणीनं मान हलवली. "म्हणून तेव्हा वासरं जगत होती, आजी. रान मागं पडायचं, तसे जंतही मागं पडायचे. त्या रानात तुम्ही वर्षानं परत यायचा, तोवर ऊन लागून सगळं मरून गेलेलं. आता तुमची वासरं आठ वर्षं एकाच गवतात शेण टाकतायत आणि तेच गवत खातायत. तेही दवाच्या वेळेला."

दहिवराचं गवत वासराला चांगलं, हे बिरदेवाच्या बापानं बिरदेवाला सांगितलं होतं. पण रान बदलत राहायचं, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गरजच नव्हती. ते जगणंच होतं. सांगितलेलं तेवढं सिताबाईनं जपलं होतं, आणि न सांगितलेलं तलावाकाठी पाल उतरवलं त्या दिवशीच सुटून गेलं होतं.

"याआधी किती गेली?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"पाच. सून आल्यापासून पाच."

"त्याआधी एकही नाही?"

"न्हाय," असं सिताबाईच्या तोंडात आलं होतं. पण तिला एक काळं वासरू आठवलं. लग्नाच्या आदल्या पावसाळ्यातलं. तसंच पोट सुटलेलं, तसंच माती चाटणारं. करिश्माला बघायलासुद्धा गेले नव्हते तेव्हा. ते वासरू तिनं कधी मोजलंच नव्हतं.

"सा," ती म्हणाली.

डॉक्टरीण औषधाच्या बाटल्या काढत होती. सहज बोलून गेली, "दव जिरल्यावर वासरं सोडावीत, हे तर पुष्कळ लोकांना माहीत असतं. तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. त्या पहिल्या दोन महिन्यांतच, पहाटे दावी सोडताना, गोठ्याच्या दारात उभं राहून करिश्मा म्हणाली होती, "आत्या, आमच्याकडं दहिवर जिरल्याबिगर वासरू सोडत न्हाईत. माझा बा म्हणायचा, वल्या गवतानं पोटात किडं व्हत्यात." आणि सिताबाई हसली होती. शेजारणीला ऐकू जाईल असं हसली होती. "पंक्चर काढणाऱ्याची बहीण मला गुरं शिकवायली! तुझा बा येवढा शाणा व्हता तर त्येच्या दारात येकच गाय का?" त्यावर पोर आत गेली आणि पुन्हा गुरांबद्दल अवाक्षर बोलली नाही.

सिताबाई दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. डॉक्टरिणीला वाटलं, उन्हानं घेरी आली. तिनं पाणी दिलं. सिताबाईनं तांब्या घेतला पण प्यायली नाही.

संध्याकाळी डॉक्टरीण वस्तीवर आली. तिन्ही वासरांच्या छातीला फीत गुंडाळून वजनाचा अंदाज काढला, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणं औषध मोजलं. जीभ ओढायची नाही, मान फार वर करायची नाही, गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडायचं, नाहीतर औषध फुप्फुसात जातं, हे तिनं दाखवलं. एकवीस दिवसांनी पुन्हा एक डोस. तलावाची कड वासरांना बंद. वरच्या माळाचे चार तुकडे करायचे, आठवड्याला एक तुकडा चारायचा आणि बाकीच्यांना ऊन खाऊ द्यायचं. दहा वाजल्याशिवाय दावं सोडायचं नाही. सिताबाईनं प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हटलं. इतकी गरीब झालेली तिला शेजारणीनं कधी पाहिली नव्हती.

आणि मैनी वाचली. दुसऱ्या डोसानंतर गळ्याखालचं पाणी उतरलं. शेण घट्ट झालं. दिवाळीपर्यंत तिच्या अंगावर तांबडी झाक आली आणि ती शेपूट वर करून माळभर पळायला लागली. बघणारे म्हणायचे, "सिताबाय, वासरू वाचलं गं तुझं, नशीबवान हाईस." सिताबाई मान फिरवायची. वासरू जसं जसं भरत गेलं तशी तशी ती खचत गेली. मैनी मेली असती तर निदान म्हणता आलं असतं की मरणारं मरतंच. ती जगली, नुसत्या दोन घोट औषधानं आणि दहा वाजेपर्यंत थांबण्यानं जगली, आणि मग आधीची पाच, नव्हे सहा, तिच्यापुढं येऊन उभी राहिली. त्यांच्या पोटांवरचे बिब्याचे डाग उभे राहिले. आणि त्या सगळ्यांच्या मागं, गोठ्याला वळसा घालून पाण्याला जाणारी ती पोर. रोज सकाळी दहा वाजायची वाट बघत सिताबाई दावणीपाशी बसून राहायची, आणि त्या रिकाम्या वेळात तिला रडू यायचं.

एका रविवारी तिनं बालाजीला सगळं सांगितलं. तो मोटरसायकल पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"जाऊन घिऊन ये तिला," सिताबाई म्हणाली.

"कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "तू बोलत व्हतीस तवा म्या जेवत बसलेलो, आई. तिनं बघितलंय मला."

एवढं बोलून त्यानं फडकं पिळलं. त्याचंही खरं होतं. बैल गेल्यावर झोपा करायला निघालेल्या दोघांत आधी कोण पुढं होणार? सिताबाईनं विचार केला, बोललो आपण, तर जायचंही आपणच.

ती सकाळच्या एसटीनं निघाली. पिशवीत सुनेला चोळीचा खण, पाच नारळ आणि डॉक्टरिणीनं लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी. चिठ्ठी कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं; लिहिलेलं काहीतरी हातात असावं, एवढंच. तुळजापूरला गाडी बदलली, धाराशिवला बदलली. येरमाळ्याला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. येडाईदेवीच्या डोंगराकडं तिनं उभ्यानंच हात जोडले, आणि काय मागावं ते न कळून तशीच चालायला लागली.

करिश्माच्या भावाचं घर दुकानाच्या मागंच. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात एक गाय आणि तिचं महिन्याभराचं पांढरं वासरू. भावजय धुणं वाळत घालत होती. ती सिताबाईला ओळखून जागच्या जागी थांबली. मग रीत म्हणून पाणी दिलं. भाऊ दुकानातून हात पुसत आला. करिश्मा आतून आली, वाकून पाया पडली आणि पडवीच्या पायरीवर बसली. वाळली होती. सिताबाईला वाटलं होतं, पोर रागानं बोलेल, रडेल. ती नुसती बसली.

सिताबाईनं कुणाच्या चहाची वाट पाहिली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. जंत सांगितले, दहिवर सांगितलं, तलावाची कड सांगितली. लग्नाच्या आधी मेलेलं काळं वासरू सांगितलं. "माझ्या गोठ्याला माझाच हट्ट नडला," ती म्हणाली. "हिचा कायबी दोष नव्हता. हिनं मला सांगितलं व्हतं, म्या हसले. फोनवर म्या जे बोलले ते खोटं व्हतं. सगळ्यांच्या म्होरं सांगते, खोटं व्हतं." मग तिनं ती चिठ्ठी काढून भावाच्या हातात दिली.

भावानं चिठ्ठी उलटसुलट बघितली. "आता सांगायलाव, मावशी?" तो म्हणाला. "वरीस झालं." त्याच्या आवाजात राग कमी आणि थकवाच जास्त होता. दुकानापुढं ट्रक येऊन थांबला तसा तो चिठ्ठी पडवीच्या कठड्यावर ठेवून निघून गेला.

गाय हंबरली. वासरू पाजायची वेळ झाली होती. भावजयीनं दाव्याला हात घातला आणि करिश्माकडं न बघताच, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ताई, जरा आत व्हता का?"

करिश्मा आधीच उठायला लागली होती.

सिताबाईनं दोघींकडं पाहिलं. तिचे शब्द होते ते. तिनं तामलवाडीत उच्चारलेले, शंभर किलोमीटर लांब येऊन इथं घर करून बसलेले.

"बस पोरी, बस तिथंच!" ती ओरडली. मग भावजयीकडं वळली. "अगं बाय, म्या आत्ताच सांगितलं ना? ते खोटं व्हतं. जंत व्हते, जंत."

"व्हय मावशी, पटलं की," भावजय म्हणाली. तिनं हसून मानही हलवली. पण वासराचं दावं तिनं मुठीत आणखी आवळून धरलं. ती वाईट बाई नव्हती. तिच्या दारात एकच गाय होती आणि एकच वासरू.

करिश्मा पुन्हा पायरीवर टेकली. सिताबाई तिच्यापाशी खाली, जमिनीवर बसली. सासूनं सुनेच्या खाली बसायची रीत नाही. ते तिच्या ध्यानातही आलं नाही. "चल घरी," ती म्हणाली. "मैनी नावाची कालवड हाय. तू सांगितलं तसंच सांभाळते आता तिला. बालाजी लाजंनं आला न्हाय. चल माझ्यासंगं."

"म्हाईत हाय, आत्या," करिश्मा म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"की जंत व्हते म्हून. मला तवाच वाटत व्हतं." ती अंगणाकडं बघत होती. "पर डॉक्टरनं येकदा सांगितलंय, अन् तुमी दोन वरसं सांगितलंत. रोज. सकाळी उठल्यापासून. ते आत बसलंय माझ्या. म्या लई समजावते सवताला. दिवसा पटतं. वासरू म्होरं आलं की पटत न्हाय."

"जाईल ते. हळूहळू जाईल."

"अन् जायच्या आधी ह्येला कायबी झालं तर?" तिनं हनुवटीनं पांढऱ्या वासराकडं दाखवलं. "साधं पोट जरी फुगलं. मला इथून म्होरं जाया जागा न्हाय, आत्या."

सिताबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात वासरानं हिसका दिला. भावजयीच्या मुठीतून दावं सुटलं आणि वासरू गाईकडं जायचं सोडून, लहान वासरं जातात तसं, अंगणभर एक गोल मारून सरळ पायरीकडं आलं. नाक पुढं करून करिश्माच्या पायांचा वास घ्यायला लागलं. करिश्मानं दोन्ही पाय झटकन वर घेतले आणि साडीच्या आत पोटाशी दाबून धरले. तोंड भिंतीकडं केलं, डोळे घट्ट मिटले. हात लावू नये म्हणून हातही काखेत धरले. वासरू तिची साडी चाटत राहिलं. ती हलली नाही, तिनं त्याला हाकललंही नाही.

"करिश्मा," सिताबाई म्हणाली, "हात लाव गं. येकदा लाव. माझ्यासाठी लाव."

"नगं," ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली. "आत्या, तुमच्या घरी तीन वासरं हायेत. म्या कशी येऊ?"

भावजय धावत येत होती, पण सिताबाई तिच्या आधी उठली. तिनं वासराचं दावं धरलं आणि त्याला पायरीपासून दूर, ओढत गाईपाशी नेलं. गाईच्या कासेला त्याचं तोंड लावून दिलं आणि त्याच्या आणि पायरीच्या मधे आडवी उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं मागं वळून पाहिलं, तेव्हा करिश्मानं पाय खाली सोडले होते.